नदीकडे तोंड असलेली पेठ

आमच्या मधल्या दाराची चौकट सागाची आहे. तिच्या उजव्या बाजूला, जमिनीपासून साडेचार फुटांवर, खिळ्याने ओढलेली एक रेघ आहे आणि तिच्याखाली '२६ जुलै' एवढंच कोरलेलं आहे. साल लिहायची गरज आजोबांना वाटली नव्हती. २००५ च्या पुरानंतर चिपळुणात २६ जुलै म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नसे. दुसरी रेघ त्या चौकटीवर मावली नाही. ती वर, माळ्याच्या तुळईवर आहे. ती मी ओढलेली. तिच्याशेजारी मी साल घातलं, २०२१. तोवर आमच्याकडे जुलैच्या दोन तारखा झाल्या होत्या.

गेल्या महिन्यात बिल्डरचा माणूस टेप घेऊन आला. ओटी मोजली, माजघर मोजलं, मागची पडवी, विहीर, तिच्या पलीकडचा गडगा, सगळं मोजलं. जाताना त्याने चौकटीवर बोटं वाजवून पाहिली आणि म्हणाला, "काका, जुना साग आहे. पाडकामवाला चांगला भाव देईल." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही आणि तेव्हापासून मनात जे चाललंय ते इथे लिहून काढतोय.

चिपळूणची बाजारपेठ ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती कशी आहे हे सांगायचं तर आधी पाण्यापासून सुरुवात करावी लागेल. सह्याद्रीतून उतरलेली वाशिष्ठी गावाच्या अंगावरून जाते आणि खाली दाभोळला समुद्राला मिळते. गावाच्या पोटातून शिव नदी वाहते. ती एरवी ओढ्याएवढी, पण पावसाळ्यात तिचा स्वभाव बदलतो. गोवळकोटपर्यंत खाडीची भरती येते. गलबतं आणि मचवे भरतीच्या पाण्यावर वर यायचे, धक्क्याला लागायचे आणि माल उतरवून ओहोटीबरोबर खाली जायचे. पलीकडून कुंभार्ली घाट उतरून देशावरचा माल यायचा. वरून धान्य, गूळ, मिरची. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी, मुंबईचं कापड. या दोन वाटा जिथे भेटल्या तिथे पेठ बसली. म्हणजे ती बसली तीच मुळी पाण्याच्या सोयीने. जमीन उंच आहे का, कोरडी आहे का, हा प्रश्न तेव्हाच्या व्यापाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाला ठेवला असणार. धक्का जवळ हवा, हा पहिला.

आणि त्यांना पाणी येतं हे ठाऊक नव्हतं असं कोणी समजू नये. आमच्यासारखी जुनी घरं नीट पाहिली तर कळतं. जांभ्या चिऱ्याचं जोतं रस्त्यापासून तीन-चार पायऱ्या वर. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड, आणि दोन्हींच्या डोक्यावर सलग माळा. माळ्याला दुकानातून एक जिना आणि माजघरातून एक. माळ्याच्या फळ्या इतक्या जाड की वर दोनशे पोती रचली तरी वाकत नाहीत. मागच्या बाजूला परसू मोकळं सोडलेलं, विहीर, दोन माड, एक फणस. गडग्याच्या तळाशी जागोजाग चिरा मुद्दाम काढून ठेवलेला, कारण आलेल्या पाण्याला जायला वाट लागते. लहानपणी त्या भोकांतून आम्ही शेजारच्यांच्या मांजराला हाका मारायचो. ती भोकं कशासाठी आहेत हे मला चाळिशीत कळलं.

आमचं भुसारी दुकान. पाणी चढायला लागलं की माल कोणत्या क्रमाने वर न्यायचा हे घरात पाढ्यासारखं पाठ होतं. आधी मीठ, मग साखर, मग गूळ. मग पीठ आणि रवा. तांदूळ त्यानंतर. डाळी शेवटी, कारण भिजलेली डाळ वाळवून निदान गुरांना तरी घालता येते. तेलाच्या बंद डब्यांना पाण्याने काही होत नाही, पण ते तरंगून दार अडवतात, म्हणून ते दोरीने एकत्र बांधायचे. नारळांना कोणी हात लावायचा नाही. ते आपले तरंगतात आणि पाणी उतरलं की मागच्या पडवीत गोळा झालेले सापडतात. आजी हे सगळं ओटीवर बसून हमालांना सांगायची, आवाज न चढवता. पाणी पहिल्या पायरीला लागलं की तिची देवांची पेटी वर जायची, दुसऱ्या पायरीला चूल. तिसऱ्या पायरीला ती स्वतः. दरवर्षी एखाद-दोन वेळा पाणी रस्त्यात यायचं, पायऱ्या चाटायचं आणि भरती उतरली की जायचं. आम्ही मुलं त्यात कागदाच्या होड्या सोडायचो. शाळेला सुट्टी असायची, माळ्यावर खिचडी शिजायची. त्या दिवसांची मला कधी भीती वाटली नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात पाऊस घरातल्या माणसासारखाच वाढतो.

मग पेठ हळूहळू पाण्यापासून लांब सरकली. घरं तिथेच राहिली, सरकला तो तिचा जीव. आधी खाडी गाळाने भरत गेली, ट्रक आले आणि गोवळकोटचा धक्का व्यापाराच्या नकाशावरून पुसला गेला. माल आता फक्त रस्त्याने येऊ लागला, तेव्हा गाव एसटी स्टँडाच्या बाजूला वाढलं. मग मुंबई-गोवा महामार्गावरचा बहादूरशेख नाका. एकेकाळी तिथून कराडकडे आणि गुहागरकडे फाटा फुटतो एवढंच त्याचं महत्त्व होतं. आता तिथे हॉटेलं, शोरूम, दवाखाने. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, स्टेशन वालोप्याला, गावाबाहेर. मुंबईहून उतरलेला माणूस रिक्षाने सरळ आपल्या वाडीला जाऊ लागला, पेठेतून जायचं त्याला कारण उरलं नाही. आता महामार्ग चौपदरी होतोय आणि नाक्यावर उड्डाणपूल उभा राहतोय. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचा बांधकामातला भाग कोसळला होता, तो आवाज लांबवर ऐकू गेला होता. पूल झाला की गाड्या गावाच्या डोक्यावरून जातील.

नाक्यांची नावं मात्र टिकली. चिंचनाका, वडनाका, भेंडीनाका. झाडांवरून पडलेली. परगावच्या पाहुण्याला मी ही नावं सांगतो तेव्हा तो चिंच कुठे आहे असं विचारतो.

वाशिष्ठी या काळात नुसती वाहत होती असंही नाही. साठच्या दशकात पोफळीला कोयनेची वीज सुरू झाली. घाटावरचं पाणी बोगद्यातून खाली पडतं, वीज तयार करतं आणि वाशिष्ठीत सुटतं. वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे साडेसदुसष्ट अब्ज घनफूट, पाणी पश्चिमेकडे वळवायची मुभा आहे. त्यामुळे आमची नदी मे महिन्यातही वाहते. बाकी कोकणातल्या नद्या तेव्हा दगड दाखवत असतात, म्हणून आम्हाला त्याचा अभिमान होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या माळ्यावरची कौलं सरकली, एवढं बाबा सांगायचे. पण नदीच्या पोटात काय साचतंय याकडे कोणी बघितलं नाही. डोंगरावरची झाडं तुटली, माती सुटली, ती पावसाबरोबर खाली आली आणि जिथे भरतीचं पाणी नदीला अडवतं तिथे बसली. शिव नदीच्या काठावर बांधकामं आली. परसवातले माड गेले, कारण तिथे गोदामं झाली. गडग्यांच्या जागी सिमेंटच्या भिंती आल्या आणि त्यात भोकं ठेवायची कोणाला आठवण झाली नाही. मोरीचं पाणी गटारात, गटार वहाळात, वहाळ बुजवून त्याच्यावर गाळे. आमच्या घरानेही हे केलं. १९८८ च्या सुमारास आम्ही परसवाचा अर्धा भाग पत्र्याखाली घेतला आणि फणस तोडला. मला त्या फणसाचं ओझं वाटतं, अजूनही.

२००५ मध्ये आम्ही माल वर नेला. क्रम पाठ होता, वेळ पुरला नाही, पण निम्मा वाचला. २०२१ ला २१ जुलैचा दिवसभर पाऊस होता. रात्री अकराला मी दुकान बंद करून पायऱ्या पाहिल्या तेव्हा रस्ता नुसता ओला होता. दीडला आईने हाक मारली. पाणी ओटीवर होतं. मागच्या दाराने शिव आली आणि पुढच्या दाराने वाशिष्ठी, आणि दोघी माजघरात भेटल्या. मीठ-साखरेचा क्रम विसरून आम्ही फक्त आईला वर नेलं. शेजारच्या चाळीतली अकरा माणसं आमच्या माळ्यावर आली, त्यात एक सहा महिन्यांचं बाळ. पाणी जिन्याच्या एकेका पायरीवर चढत होतं आणि आम्ही मोबाइलच्या उजेडात पायऱ्या मोजत होतो. तुळईला लागलं तेव्हा उजाडलं होतं. मग आम्ही कौलं काढली. छपरावरून मी पेठ पाहिली. ती रस्ता नव्हती, नदी होती, आणि तिच्यातून गॅसची सिलिंडरं, फ्रिज, एक रिक्षा, दुकानांचे बोर्ड वाहत होते. आमचे नारळही. ते लांब जाताना मला दिसले आणि त्या क्षणी मला रडू आलं.

कोयनेचं पाणी किती सुटलं, का सुटलं, भरती किती होती, पाऊस किती, यावर नंतर गावभर वाद झाला. मी त्या वादात पडणार नाही. मला एवढंच माहीत आहे की सगळं एका रात्री एकत्र आलं आणि नदीला जायला जागा नव्हती.

पाणी उतरल्यावर जो वास होता तो अजून कधीकधी झोपेत येतो. डिझेल, कुजलेलं धान्य, गाळ. आठ दिवस आम्ही गाळ उपसला. कुंभार्ली उतरून देशावरून टेम्पो आले, भाकऱ्या, पाण्याच्या बाटल्या, झाडू, फावडी घेऊन. गोवळकोट, पेठमापची मुसलमान पोरं आमच्या दुकानात गाळ काढत होती आणि त्यांची स्वतःची घरं तशीच होती. ज्या घाटातून एकेकाळी मिरची आणि गूळ यायचा त्याच घाटातून फावडी आली, हे मला तेव्हा सुचलं नाही, नंतर सुचलं.

आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १८६४ मध्ये सुरू झालेलं हे वाचनालय. २००५ मध्ये त्याची हजारो पुस्तकं भिजली. ते उभं राहिलं, इतकं की २०१३ च्या जानेवारीत शहाऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच्या यजमानपदाखाली चिपळुणात झालं. आणि २०२१ मध्ये पुन्हा पाणी. भिजलेलं पुस्तक फुगतं, त्याची पानं एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर विटेसारखं होतं. मी शाळेत असताना तिथून आणलेल्या पुस्तकांत दुसऱ्या कोणाच्या तरी पेन्सिलीच्या खुणा असायच्या, समासात 'वा' किंवा 'खोटं' असं लिहिलेलं. नवी पुस्तकं आली आहेत, भरपूर आली आहेत, लोकांनी महाराष्ट्रभरातून पाठवली. त्या पेन्सिलीच्या खुणा गेल्या. दोनदा बुडूनही ते वाचनालय गावाबाहेर डोंगरावर गेलं नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

२०२१ च्या डिसेंबरात चिपळूण बचाव समितीचं साखळी उपोषण झालं. मागणी एकच, वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा. मीही दोन दिवस बसलो. गाळ निघायला लागला. पोकलेन नदीत उतरले, डंपर भरभरून माती बाहेर आली, आणि काठावर उभं राहून ते बघायला म्हातारी माणसं संध्याकाळी यायची. ज्या नदीकडे पन्नास वर्षं आम्ही पाठ करून बसलो होतो तिच्याकडे सगळी पेठ पुन्हा तोंड करून उभी होती.

याच्याबरोबरच आल्या पूररेषा. निळी आणि लाल. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येईल त्याची लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही, दोन्हींच्या मध्ये अटींवर. नकाशा लागला तेव्हा पेठेतली माणसं त्याच्यापुढे बोटं फिरवत उभी होती. गावाचा केवढा तरी भाग रेषांच्या आत. म्हणजे पडकं घर दुरुस्त करायचं तर अडचण, विकायचं तर गिऱ्हाईक नाही, कर्ज मागायला जावं तर बँक नकाशा मागते. लोक चिडले, विरोध झाला, आणि तो मला समजतो. पण मी हेही म्हणेन की रेषा काढणाऱ्यांनी नवीन काही शोधलं नव्हतं. आजोबांची रेघ आमच्या चौकटीवर होतीच. फरक असा की आजोबांच्या रेघेने घर कुठे बांधू नये असं सांगितलं नव्हतं, घरात कसं राहावं ते सांगितलं होतं. सरकारी रेषेने आम्हाला राहायचं कसं ते सांगावं, अशी माझी अपेक्षा आहे. गाव उठवून डोंगरावर नेणं हा उपाय कागदावर सोपा दिसतो. पेठ उचलून नेता येत नाही. नेलीत तर तिथे नवी वसाहत होईल.

आता प्रश्न आमच्या घराचा. माळ्याच्या दोन तुळयांना पाणी लागून भेगा गेल्या आहेत, मागची भिंत फुगली आहे. प्रॉपर्टी कार्डावर नऊ नावं. भाऊ मुंबईला, आत्या पुण्याला, चुलतभाऊ बडोद्याला. सगळ्यांना विकसनच हवं आहे आणि त्यांना दोष देता येत नाही. पावसाळ्यात रात्रभर जागं राहून पायऱ्या मोजायला ते इथे नसतात, पण फोन धरून तेही जागेच असतात. बिल्डरने दाखवलेल्या नकाशात तळमजला रिकामा आहे. नुसते खांब, त्यात पार्किंग, वर चार मजले. पुराला जागा. मी तो नकाशा पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. वाटलं, हा तर आमचा माळाच आहे. खालचं पाण्याला दिलं आणि माणसं वर नेली.

मग मी पेठेत एक चक्कर मारली, अशा खांबांवर उभ्या राहिलेल्या चार-पाच नव्या इमारती नीट पाहिल्या. खाली अंधार, मोटारसायकली, पाण्याच्या पंपाचा आवाज. रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारायला तिथे कोणी नाही. पेठ म्हणजे काय, तर रस्त्याला लागून असलेली ओटी. सकाळी फळ्या उघडल्या की समोरच्याशी पहिला शब्द, कोणाच्या घरी काय झालं, आज बांगडा काय भावाने, भरती किती वाजता. ग्राहक पायरीवर बसतो, चहा पितो, मग सामान सांगतो. ती ओटी गेली की राहतात त्या खोल्या. पाच हजार माणसं तिथे वर राहतील, पण खाली रस्त्यावर त्यांची ओळख होणार नाही.

शिमग्यात हे फार लागतं. ग्रामदेवता श्री जुना कालभैरवाची पालखी घरोघर येते. आमच्या ओटीवर ती टेकते, आई ओटी भरते, गाऱ्हाणं घातलं जातं, आणि पालखी नाचवणारी पोरं घामाने निथळत पायऱ्यांवर बसून सरबत पितात. गेल्या वर्षी शेजारच्या इमारतीत पालखी पार्किंगमध्ये उतरली. गाड्या बाहेर काढून, फरशी धुऊन, रांगोळी घालून, बायकांनी पार्किंग सुंदर सजवलं होतं. वरच्या मजल्यांवरची माणसं लिफ्टने खाली आली. मी तिथे हात जोडून उभा होतो आणि मला वाटत होतं की जागा माणसं तयार करतात, अजूनही करतात. ढोल त्या खांबांमध्ये असा घुमला की अंगावर काटा आला. म्हणून मी हताश नाही.

बिल्डरला मी तीन गोष्टी लिहून दिल्या आहेत. पुढच्या बाजूला, रस्त्याला लागून, जोत्यावर दुकानांचे चार गाळे हवेत, फळ्यांचे किंवा शटरचे चालतील, पण त्यांना पायऱ्या हव्यात, बसण्याजोग्या रुंद. प्रत्येक गाळ्याला आतून माळा हवा, भक्कम, पोती पेलणारा. आणि मागच्या भिंतीला तळाशी भोकं. त्याने पहिल्या दोन गोष्टींवर मान हलवली, खर्चाचं बोलला, बघू म्हणाला. तिसऱ्या गोष्टीला त्याने विचारलं, "भोकं कशाला? त्यातून उंदीर येतील."

मी त्याला मागच्या परसवात नेलं. अर्धा गडगा अजून शिल्लक आहे, जांभ्याचा, शेवाळलेला. खाली वाकून त्याला चिरा काढलेली जागा दाखवली. तो उकिडवा बसला, टेप काढली आणि भोक मोजलं. नऊ इंच बाय सहा. मग पुढचं भोक मोजलं, मग त्याच्या पुढचं. किती किती अंतरावर आहेत ते वहीत टिपून घेतलं.

निघताना ओटीवर तो पुन्हा चौकटीपाशी थांबला. आजोबांच्या रेघेवर अंगठा फिरवला, मान वर करून तुळईवरची माझी रेघ शोधली आणि दोन्हींमधलं अंतर मोजायला टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा काका," म्हणाला, "नीट धरा." मी टोक रेघेवर दाबून धरलं आणि तो स्टुलावर चढला.